आम्हीही परप्रांतीयच : राज ठाकरे यांना खुले पत्र

मा. श्री. राज ठाकरे,
अध्यक्ष, महाराष्ट्र नवनिर्माण सेना



मी भोपाळच्या बरखेड्यात राहणारा मराठी मतदार. 7 मे 2024 रोजी आमच्याकडे लोकसभेचं मतदान झालं. त्याच्या महिनाभर आधी, गुढीपाडव्याच्या सभेत, तुम्ही शिवाजी पार्कवरून नरेंद्र मोदींना बिनशर्त पाठिंबा जाहीर केला होता. ज्या सरकारसाठी तुम्ही मुंबईकरांना हाक दिलीत, त्याच सरकारसाठी इथे माझ्याकडे आणि माझ्या बिहारी शेजाऱ्याकडेही मतं मागितली जात होती. देशाचं सरकार निवडायला आम्ही दोघेही चालतो. मग तोच शेजारी उद्या पोटासाठी कल्याणला उतरला, तर उपरा कसा ठरतो? निकाल लागून गेला, तरी हा प्रश्न मनातून जात नाही, म्हणून लिहितो आहे.

भोपाळमधल्या बरखेडा, पिपलानी, गोविंदपुरा या वस्त्यांची नावं मुळात खेड्यांची. 1956 साली मध्य प्रदेशाची नवी रचना झाली, राजधानी नागपूरऐवजी भोपाळ झाली आणि नागपूरच्या कचेऱ्यांमधली कितीतरी मराठी कुटुंबं इथे आली. त्याच सुमारास ब्रिटिश कंपनीच्या सहकार्याने वीजयंत्रांच्या मोठ्या सरकारी कारखान्याची उभारणी सुरू झाली. तोच आजचा ‘भेल’. या खेड्यांच्या माळावर केरळ, बंगाल, आंध्र, बिहार, महाराष्ट्र अशा सगळीकडची माणसं कामाला लागली. आम्ही त्यांच्यातलेच. इथले मूळ गावकरी आमच्या भाषेवर रागावले असते, तर त्यांच्याकडे कारण नव्हतं असं म्हणता येत नाही. पण त्यांनी आम्हाला राहू दिलं आणि आमच्या गणपतीलाही जागा दिली.

याच गोविंदपुऱ्याने वर्षानुवर्षे बाबूलाल गौर यांना आमदार केलं. त्यांचा जन्म उत्तर प्रदेशातल्या प्रतापगढ जिल्ह्यातला. गिरणी कामगार म्हणून त्यांनी भोपाळमध्ये सुरुवात केली आणि 2004 मध्ये ते मुख्यमंत्री झाले. तिकडे इंदूरने चिपळूणला जन्मलेल्या सुमित्रा महाजन यांना 1989 पासून सलग आठ वेळा लोकसभेत पाठवलं. पुढे त्या लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या. त्या मराठी आहेत, हे इंदूरच्या मतदाराला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

महाराष्ट्रातल्या मराठी माणसाची तक्रार खोटी आहे, असं मी म्हणत नाही. आपल्याच राज्यात आपली भाषा मागे पडावी, नोकरीच्या जाहिराती आपल्यापर्यंत पोचूच नयेत, याचा संताप येणारच. त्यावर सनदशीर मार्गाने यशही मिळतं. दुकानांवरच्या मराठी पाट्यांचा आग्रह सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये उचलून धरला. पहिलीपासून हिंदीचा निर्णय लोकमताच्या रेट्यापुढे सरकारला 29 जून 2025 रोजी मागे घ्यावा लागला. त्या दिवशी मला इथे बसून आनंद झाला. पण काही दिवसांतच मीरा रोडच्या दुकानदाराला तुमच्या पक्षाच्या कार्यकर्त्यांनी मारल्याची चित्रफीत देशभर फिरली आणि मिळवलेल्या यशावर पाणी पडलं. ऑक्टोबर 2008 मध्ये रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या मुलांना झालेली मारहाणही इथे कोणी विसरलेलं नाही. भरतीची जाहिरात मराठी वृत्तपत्रांत का आली नाही, हा प्रश्न रेल्वेला विचारायचा होता. मार मात्र हातात प्रवेशपत्र घेऊन आलेल्या पोरांना पडला.

या राजकारणाची झळ शेवटी आम्हालाच लागते. डिसेंबर 2018 मध्ये मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्रिपदाची शपथ घेताच कमलनाथ म्हणाले, की उत्तर प्रदेश-बिहारचे लोक येतात आणि स्थानिकांना काम मिळत नाही. 70 टक्के नोकऱ्या राज्यातल्या लोकांना दिल्या, तरच उद्योगांना सवलती. ऑगस्ट 2020 मध्ये शिवराजसिंह चौहान यांनी सरकारी नोकऱ्या फक्त मध्य प्रदेशच्या तरुणांना देण्याची घोषणा केली. एक काँग्रेसचे, दुसरे भाजपचे. अशी दारं बंद होऊ लागली, तर अमरावतीच्या मुलाला भोपाळ बंद आणि भोपाळच्या मराठी मुलाला पुणे बंद.

जगातही हेच वारं आहे. 2023 मध्ये नेदरलँड्समध्ये स्थलांतरितांना विरोध करणारा पक्ष पहिल्या क्रमांकावर आला, फेब्रुवारी 2025 मध्ये जर्मनीत तसाच पक्ष दुसऱ्या क्रमांकावर. पुण्या-नाशिकची किती मुलं त्या देशांत शिकतात, नोकरी करतात! त्यांना कोणी ‘परत जा’ म्हटलं, की आपल्या पोटात कालवतं. ती कालवाकालव टॅक्सी चालवणाऱ्या जौनपूरच्या माणसासाठीही व्हायला हवी.

राज्यघटनेच्या 19व्या कलमाने प्रत्येक नागरिकाला देशात कुठेही जाण्याचा, राहण्याचा आणि व्यवसाय करण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क मी रोज वापरतो. म्हणून माझी मागणी थेट आहे. मराठीसाठी सरकारशी भांडा, कारखान्यांच्या मालकांना जाब विचारा, मराठी शाळांसाठी रस्त्यावर उतरा. आम्ही भोपाळहून तुमच्या पाठीशी उभे राहू. पण पुढच्या लोकसभा निवडणुकीआधी जाहीर सभेत सांगा, की कष्टकरी परप्रांतीयावर तुमचा कार्यकर्ता हात उचलणार नाही आणि उचलला, तर तो पक्षात राहणार नाही. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसांना हे वचन तुमच्याकडून हवं आहे.

आपला,
बरखेड्यातला एक मराठी मतदार