साधा फोन आणि अठ्ठावीस दिवसांचा महिना

तालुक्याच्या गावी एसटी स्थानकासमोर मोबाईलचे जे दुकान असते, तेथे आठवडी बाजाराच्या दिवशी एक ठरलेला प्रश्न हमखास ऐकू येतो : नुसते बोलायला आणि मेसेजला चांगला फोन कोणता? विचारणारी बहुधा शेतमजूर बाई असते, नाहीतर मुलगा पुण्याला कामाला गेलेला एखादा वृद्ध. दुकानदार काचेखालून दोन-तीन बटणांचे फोन काढून पुढे ठेवतो. किंमत हजारापासून दोन-अडीच हजारांपर्यंत. गिऱ्हाईक बॅटरी लागते का ते पाहते, फोन कानाला लावून आवाज पाहते, थोडी घासाघीस करते आणि पैसे मोजून मोकळे होते. निवड झाली, असे त्याला वाटते. वस्तुतः खरी निवड अजून व्हायचीच असते. आणि ती बऱ्याच अंशी दुसऱ्याच कोणी आधी करून ठेवलेली असते.

कंदील विकत घेताना घासलेटाचा भाव न विचारणाऱ्या माणसाला जुन्या काळी कोणी शहाणे म्हटले नसते. अर्थशास्त्र अशा जोडीला पूरक वस्तू म्हणते : एकीवाचून दुसरी निरुपयोगी, म्हणून किंमत दोहोंची मिळून धरावयाची. साध्या फोनच्या बाबतीत कंदील स्वस्त आहे आणि घासलेट महाग. दीड हजारांचा फोन चार-पाच वर्षे सहज चालतो. त्यात घालावयाचा रिचार्ज मात्र एका वर्षातच फोनच्या किमतीच्या पुढे जातो.

हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढविले. एअरटेलचा अमर्याद बोलण्याचा सर्वांत लहान पॅक त्या वेळी अठ्ठावीस दिवसांना १९९ रुपये झाला. त्यात इंटरनेटही होते. ते बटणांच्या फोनवाल्याला नको असले तरी घ्यावे लागे. डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने विनियमात दुरुस्ती केली व केवळ बोलणे आणि लघुसंदेश यांसाठी निदान एक वेगळा पॅक प्रत्येक कंपनीने ठेवलाच पाहिजे, असे बंधन घातले. निर्णय योग्यच होता. कंपन्यांनी जानेवारी २०२५ मध्ये तो कसा पाळला, ते पाहावे. एअरटेलने दोन पॅक आणले : ८४ दिवसांना ४६९ रुपये आणि ३६५ दिवसांना १,८४९ रुपये. जिओचे होते ८४ दिवसांना ४४८ आणि ३३६ दिवसांना १,७४८. अठ्ठावीस दिवसांचा नुसत्या बोलण्याचा पॅक यांत नव्हता.

एअरटेलचेच आकडे दिवसावर आणले तर चित्र स्पष्ट होते. वर्षाचे पैसे एकदम भरू शकणाऱ्याला बोलणे दिवसाला सुमारे ५ रुपये ७ पैशांना पडते, ८४ दिवसांचे भरणाऱ्याला ५ रुपये ५८ पैशांना, आणि ज्याच्या हाती एका वेळी दोनशेच्या वर रक्कम नसते त्याला ७ रुपये ११ पैशांना. अठ्ठावीस दिवसांचा महिना धरल्यामुळे वर्षाचे महिने तेरा होतात (हे पंचांग कोणत्या ज्योतिषाने काढले, हा संशोधनाचा विषय आहे) आणि तेरा वेळा १९९ म्हणजे २,५८७ रुपये. वार्षिक पॅकपेक्षा ७३८ रुपये जास्त. रोजंदारीवरील माणूस श्रीमंतापेक्षा महाग धान्य घेतो, कारण तो पोते घेऊ शकत नाही, पायलीने घेतो. तोच न्याय येथे लागू झाला आहे.

हे नेहमीच असे नव्हते. ३१ जुलै १९९५ रोजी कोलकत्याहून ज्योती बसू यांनी दिल्लीत सुखराम यांच्याशी देशातील पहिले मोबाईल संभाषण केले, तेव्हा बोलणाऱ्याप्रमाणे ऐकणाऱ्यालाही पैसे पडत. १ मे २००३ पासून येणारा फोन फुकट झाला आणि मोबाईल खऱ्या अर्थाने हमालाच्या, मोलकरणीच्या हाती आला. त्याच वर्षी नोकियाने विजेरी असलेला ११०० हा फोन बाजारात आणला. पुढे तो जगभर पंचवीस कोटींवर खपला. शिलकीत दहा रुपये ठेवून महिनोन्महिने केवळ येणारे फोन घेणे त्या काळात शक्य होते. २०१८ च्या अखेरीस एअरटेल व व्होडाफोन-आयडियाने किमान रिचार्जची अट आणली : अठ्ठावीस दिवसांना ३५ रुपये. एअरटेलची सर्वांत खालची पायरी नोव्हेंबर २०२१ मध्ये ९९ वर गेली आणि पुढे १९९ वर. ३५ रुपयांत बोलणे मोजकेच मिळे, १९९ मध्ये ते अमर्याद आहे, हे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. परंतु ज्या म्हातारीला आठवड्यातून दोनदा मुलाचा फोन घ्यावयाचा आहे, तिला अमर्याद बोलण्याचे काय करावयाचे? तिची पायरीच काढून टाकली गेली. येणारा फोन कागदोपत्री आजही फुकट आहे. तो येत राहावा यासाठी पैसे पडतात.

म्हणून फोन निवडताना प्रथम पाहावयाचे ते हे, की राहत्या घरात, शेतावर आणि कामाच्या ठिकाणी कोणाचे नेटवर्क पोचते. त्यानंतर फोनची जात. केवळ टू-जीवर चालणारा फोन सर्वांत स्वस्त आणि चार्जिंगलाही टिकाऊ. पण तो जिओवर चालत नाही, कारण जिओचे जाळे आरंभापासून फोर-जीचे आहे. शिवाय टू-जी किती काळ ठेवावयाचे, हे गिऱ्हाईकाच्या हाती नाही. पहिल्या संभाषणाला पंचवीस वर्षे झाली त्या दिवशीच, ३१ जुलै २०२० रोजी, मुकेश अंबानी यांनी टू-जी इतिहासजमा करण्याचे आवाहन केले होते. दुसरा मार्ग जिओ भारतचा. जुलै २०२३ मध्ये तो ९९९ रुपयांना आला आणि त्याचा अठ्ठावीस दिवसांचा पॅक १२३ रुपयांचा, म्हणजे वरच्या सर्व हिशेबांत स्वस्त. मात्र त्यात दुसऱ्या कंपनीचे सिम चालत नाही. क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याचा हक्क २०११ पासून देशभर आहे. पण असा बांधलेला फोन घेणाऱ्याला तो हक्क वापरताना फोनही बदलावा लागतो. तिसरा मार्ग कोणतेही सिम चालणाऱ्या फोर-जी बटणांच्या फोनचा. पाच-सातशे रुपये जास्त पडतात. ज्याला ते शक्य आहे त्याने तोच घ्यावा, कारण उद्या टू-जी बंद झाले किंवा दर वाढले, तरी कंपनी सोडून जाण्याची वाट मोकळी राहते. बॅटरी काढता-घालता येणारी असावी, हेही पाहावे.

मेसेजबाबत एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. रोमन लिपीतील एका लघुसंदेशात १६० चिन्हे मावतात, देवनागरीत ७०. त्यातही काना, मात्रा, हलन्त हे सारे स्वतंत्र मोजले जातात. ‘पोहोचल्यावर’ हा सहा अक्षरांचा शब्द अकरा चिन्हे खातो. सत्तरीपलीकडे गेलेला संदेश तुकड्यांत जातो आणि प्रत्येक तुकडा वेगळा धरला जातो. एअरटेलच्या ८४ दिवसांच्या पॅकमध्ये ९०० लघुसंदेश होते. मराठीत सविस्तर लिहिणाऱ्याच्या पदरी त्यातले निम्मेही पडणार नाहीत. माणसे ‘mi alo’ अशा धर्तीचे मराठी रोमन लिपीत लिहितात, ते केवळ इंग्रजीच्या मोहाने नव्हे.

सरकारचे वर्तन याहून गमतीचे आहे. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने पिकाचे छायाचित्र स्मार्टफोनने पाठवावयाचे. रोजगार हमीच्या कामावर जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी ॲपवर सक्तीची झाली. लाडकी बहीण योजनेचे ई-केवायसी २०२५ मध्ये सुरू झाले, तेव्हा फोनवर सांकेतिक क्रमांक येणे आवश्यक ठरले, म्हणजे रिचार्ज चालू असणे आवश्यक ठरले. फोन ही चैन नव्हे, नागरिकत्वाचे साधन आहे, असे सरकार आपल्या कृतीने सांगते. कर मात्र चैनीच्या वस्तूसारखा घेते. एप्रिल २०२० मध्ये मोबाईलवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर नेला गेला. दीड हजारांचा बटणांचा फोन आणि दीड लाखाचा परदेशी बनावटीचा फोन यांना दर एकच, रिचार्जवरही तोच. त्याच वर्षीच्या उत्पादन प्रोत्साहन योजनेत परदेशी कंपन्यांना अनुदान ठरले, ते १५ हजार रुपये वा त्यावरील किमतीच्या फोनसाठी.

या साऱ्याला एक उतारा होता : सार्वजनिक क्षेत्रातील बीएसएनएल. जुलै २०२४ मध्ये तिने दर वाढविले नाहीत आणि लोक तिच्याकडे वळलेही. पण देशातील पहिली खासगी फोर-जी सेवा २०१२ मध्ये सुरू झाली असताना बीएसएनएलच्या स्वदेशी फोर-जीचे उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ रोजी झाले. मधल्या काळात २०२० ची तिची निविदा काढून रद्दही करण्यात आली होती. स्पर्धकाला तेरा वर्षे शर्यतीबाहेर ठेवावयाचे आणि मग त्याच्या संथपणाची थट्टा करावयाची, असा हा प्रकार.

कार्यकर्त्यांनी बाजाराच्या दिवशी दुकानात उभे राहून हा दिवसावरचा हिशेब लोकांना समजावून द्यावा. बचतगटांनी वार्षिक पॅकसाठी उसने देऊन महिन्याकाठी फेडून घेतले, तरी प्रत्येक फोनमागे सातशेवर रुपये वाचतात. आणि प्राधिकरणाकडे मागणी एकच करावी : नुसत्या बोलण्याचा पॅक तीस दिवसांचाही असावा, आणि त्याचा दिवसाचा दर वार्षिक पॅकच्या दरापेक्षा जास्त नसावा. डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीने अशा पॅकची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली. लहान मुदतीची सक्ती तिने केलेली नाही.