बुरसलेले धान्य

चैत्र-वैशाखाच्या दिवसांत फतेगंजातील कित्येक घरांच्या गच्चीवर गहू वाळत पडलेला असतो. वर्षाचा गहू एकदम घ्यावा, निवडावा, उन्हात तापवावा, त्यास एरंडेल चोळावे आणि मग कोठीत भरावा, ही गुजराथची रीत येथील मराठी घरांनीही आपलीशी केली आहे. या कामी आमच्या आया-आज्यांचे ज्ञान किती सूक्ष्म असते! दाणा दाताखाली धरला असता कट्ट आवाज झाला तर तो वाळला, नाहीतर त्यास आणखी एक ऊन द्यावयाचे. सोंडे केव्हा होतात, कडुलिंबाचा पाला कोणत्या थरात घालावा, हे सारे त्यांस पुस्तकावाचून ठाऊक असते. परंतु हे ज्ञान मुख्यत्वे डोळ्यांस दिसणाऱ्या शत्रूविषयीचे आहे. किडा दिसतो आणि चाळणीने निघतो. धान्यावरील बुराही दिसतो, पुसता येतो, धुताही येतो. मात्र त्या बुऱ्याने दाण्यात सोडलेले विष दिसत नाही आणि धुण्याने जातही नाही. ही गोष्ट शहरातल्या शिकलेल्या घरांतही थोड्यांसच माहीत असावी. खेड्यातील भगिनींना ती कळणे मात्र जीवनमरणाचा प्रश्न होऊ शकतो, याचा दाखला आमच्या अगदी शेजारी आहे.

बडोद्याहून आगगाडीने गोधऱ्यास जावयास फार वेळ लागत नाही. त्या पंचमहाल जिल्ह्यात (दाहोदही तेव्हा त्यातच होते; तो जिल्हा १९९७ साली निराळा झाला) आणि त्यास लागून असलेल्या राजस्थानातील बांसवाडा-डुंगरपूर भागात आदिवासी कुटुंबांचे मुख्य अन्न मका. १९७४ साली तेथे आधी अवर्षण झाले आणि मग कणसे काढणीस आली असता अवेळी पाऊस कोसळला. ओली कणसे तशीच घरात साठविली गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत घरोघर माणसे आजारी पडू लागली. प्रथम ताप व ओकाऱ्या, अन्नावरची वासना उडणे, मग कावीळ, मग पोटात पाणी. कावीळ म्हटली की आपले लक्ष पिण्याच्या पाण्याकडे जाते. येथे मात्र त्याच घरांतील कुत्रीही पोटे फुगून मेली होती, आणि तान्ही मुले तेवढी सुटली होती. कुत्र्यांस घरच्याच भाकरीचा तुकडा मिळत असे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मक्याचे नमुने तपासले, तेव्हा विष त्या दाण्यात सापडले. दीडशेहून अधिक गावे या रोगाने ग्रासली. ३९७ रुग्णांची नोंद झाली आणि त्यांतील १०६ दगावले.

या विषाचे नाव अफ्लाटॉक्सिन. ‘अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस’ या हिरवट-पिवळ्या बुरशीच्या नावातील अक्षरांवरून ते पडले. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अकस्मात मेले. त्यांच्या खाद्यातील ब्राझीलच्या भुईमुगाच्या पेंडीत त्याचा उगम सापडला. यातील सर्वांत वाईट गोष्ट ही की, आमच्या चुलीचा या विषापुढे इलाज चालत नाही. दोनशे अंशांहून पुष्कळ अधिक तापल्याखेरीज ते मोडत नाही, आणि भाकरीच्या पोटात तेवढी उष्णता कधीच पोहोचत नाही. आज आपल्या देशात किलोभर धान्यात १५ मायक्रोग्रॅमपर्यंतच ते असावे असा नियम आहे. १९७४ च्या त्या मक्याच्या काही नमुन्यांत किलोमागे १५ मिलिग्रॅमहून अधिक आढळले, म्हणजे सुमारे हजारपट. शिवाय इतके मोठे प्रमाण नसले तरी थोडे थोडे विष वर्षानुवर्षे पोटात गेल्याने यकृताचा कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने निश्चित केले आहे. ज्यास ‘ब’ प्रकारच्या काविळीचा संसर्ग आहे, त्यास हा धोका कित्येक पटींनी अधिक.

हा इतिहास सांगून झाला की बोलणारे बहुधा एकच वाक्य उच्चारतात: ‘खेड्यातील स्त्रिया अज्ञानी आहेत, त्यांना जागृत केले पाहिजे.’ आम्हास हे अर्धेच खरे वाटते. त्या मक्यावरचा बुरा दळणाऱ्या, थापणाऱ्या हातांस दिसलाच नसेल, हे आमच्या मनास पटत नाही. तो दिसला असेल, झटकला असेल, पुन्हा वाळविलाही असेल. कारण आधीच्या अवर्षणाने रिकाम्या झालेल्या घरात दुसरे धान्य नव्हते. उपाशी मुलांच्या आईस ‘हे फेकून दे’ असे सांगणे सोपे आहे. फेकल्यावर तिने संध्याकाळी काय रांधावे याचे उत्तर सांगणाऱ्याजवळ असले पाहिजे. ताडपत्रीवाचून ओल्या जमिनीवर कणसे वाळत नाहीत, आणि ताडपत्री घ्यावयाची की नाही हे पुष्कळ घरांत स्त्री ठरवीत नाही. तेव्हा जागृती पुरुषांचीही व्हावयास हवी, हे ओघानेच आले.

आणि आम्ही स्वतः? आमच्या घरांत बुरसलेले धान्य निवडून बाजूस काढले जाते खरे. पण ते जाते कोठे? कोंबड्यांपुढे, गाईपुढे, आणि स्पष्टच लिहावयाचे तर, कधी कधी धुणेभांडी करणाऱ्या बाईच्या पदरात. देणाऱ्यास आपण पुण्य केले असे वाटते! गाईने खाल्लेल्या या विषाचा अंश दुधातून परत आपल्याच पेल्यात येतो, हे तरी निदान स्वार्थापायी लक्षात ठेवावे. दाण्याच्या कुटाचेही तसेच. शेंगदाणा कडू लागला तर आपण तो थुंकतो. तयार कूट विकत आणले म्हणजे सुरकुतलेले, काळवंडलेले दाणे निवडण्याची संधीच गेली. वास्तविक हे विष मूठभर वाईट दाण्यांतच बहुतांशी साठलेले असते. म्हणून घरी बसून दाणे निवडण्याचे जुने, कंटाळवाणे काम हाच येथे मोठा उपाय आहे.

आमच्या शहरापासून ही गोष्ट दूर आहे असे कोणी समजू नये. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी घराघरांत शिरले, तेव्हा भिजलेल्या पोत्यापुढे बसलेल्या गृहिणीसमोर पंचमहालातील त्या आईचाच प्रश्न होता: वाळवून दळून आणावे, की टाकावे? अशा वेळी रेशनच्या दुकानातून भिजलेल्या धान्याच्या बदली तितकेच कोरडे धान्य मिळेल अशी सोय सरकारने करावी, अशी आमची मागणी आहे. ती झाली, तर उपदेशाचे काम निम्म्याहून हलके होईल. राहिलेले काम अंगणवाडीच्या सेविका, आमच्या विश्वविद्यालयाच्या गृहविज्ञान शाखेसारख्या संस्था आणि शाळा यांनी वाटून घ्यावे.

शाळेस करता येण्याजोगे एक काम आम्ही येथे सुचवितो. कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर धान्य व थोडे भाजून कोरडे केलेले मीठ घालून ती चांगली हलवावी आणि पाव तास स्वस्थ ठेवावी. मीठ काचेस चिकटले, तर धान्यात शेकडा पंधराहून अधिक ओल आहे आणि ते साठविण्यास योग्य नाही. मीठ चिकटले नाही तरी दाताची कसोटी घ्यावीच, कारण मका तेराच्या आसपास आलेला बरा. पावसाळ्यात मीठ स्वतःच पाझरते, म्हणून हा प्रयोग मृगाआधी झाला पाहिजे. उन्हाळ्याची सुटी लागण्याआधी प्रत्येकाने आपल्या घरच्या कोठीतील मूठभर धान्य प्रयोगशाळेत आणावे. बाटल्या व मीठ शाळेतच मिळेल, आणि ज्याच्या बाटलीस मीठ चिकटेल त्याने तीच बाटली घरी आईस नेऊन दाखवावी, म्हणजे पुढचे ऊन कोणत्या धान्यास द्यावयाचे ते ती ठरवील.