परवान्याच्या कागदावर वर्ण लिहिलेला नसतो

लॉस एंजेलिस काउंटीत पॅसिफिक महासागराच्या काठी मॅनहॅटन बीच नावाचे टुमदार शहर आहे. १९१२ मध्ये विला ब्रूस या कृष्णवर्णीय महिलेने तेथे १,२२५ डॉलर मोजून समुद्रालगतचा भूखंड विकत घेतला आणि पती चार्ल्स यांच्यासह विश्रामगृह उभारले. ज्यांना इतर किनाऱ्यांवर मज्जाव होता, अशा कृष्णवर्णीय कुटुंबांना समुद्रस्नानाची आणि चार घटका विसाव्याची जागा मिळाली. धंदा वाढला, तसा शेजाऱ्यांचा जाचही वाढला. १९२४ मध्ये नगरपालिकेने सार्वजनिक उद्यानाची गरज पुढे करून सक्तीच्या भूसंपादनाची कारवाई सुरू केली. ब्रूस दांपत्याच्या हाती १४,५०० डॉलरची भरपाई पडली. त्यानंतर कित्येक दशके ती जमीन तशीच पडून राहिली. उद्यानाची निकड कोणालाच भासली नाही. अखेर २०२२ मध्ये काउंटीने ती ब्रूस यांच्या वारसांना परत केली आणि पुढच्याच वर्षी वारसांनी ती काउंटीलाच दोन कोटी डॉलरना विकली.

जमीन परत मिळाल्याचे सर्वत्र स्वागत झाले. पण जमीन गेली कशी, हे समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे. ‘मालक कृष्णवर्णीय आहेत’ हे कारण संपादनासाठी पुढे केले गेले नाही. पुढे केले गेले ते उद्यान, आणि उद्यानाला विरोध कोण करणार? स्थानिक विकासाच्या व्यवहारात वांशिक भेदभाव बहुधा असाच, निरुपद्रवी शब्दांच्या आडून येतो.

अमेरिकेत कोणत्या जागेवर काय उभे राहावे, हे वॉशिंग्टन ठरवत नाही. ते ठरवते आपल्या गावचे नियोजन मंडळ, झोनिंग मंडळ आणि नगरपरिषद. मंगळवारी संध्याकाळी सात वाजता, पंधरा-वीस नागरिकांसमोर होणाऱ्या सुनावणीत एखाद्या किराणा दुकानाचे, उपाहारगृहाचे किंवा मंगल कार्यालयाचे भवितव्य निश्चित होते. पार्किंगच्या जागा किती, रहदारी किती वाढेल, कचरा कोठे ठेवणार, वस्तीच्या ‘स्वरूपा’ला धक्का लागेल का, असे प्रश्न विचारले जातात. प्रत्येक प्रश्न रास्त असू शकतो. तेच प्रश्न एका अर्जदाराला एकदा आणि दुसऱ्याला सात वेळा विचारले जातात, तेव्हा शंकेला जागा मिळते. विकासकाच्या दृष्टीने विलंब हाच नकार असतो. कर्जाचे व्याज चालू असते, जागेचे भाडे चालू असते आणि सुनावणी पुढच्या महिन्यावर ढकललेली असते. नकार लेखी मिळाला तर आव्हान तरी देता येते; पुढे ढकललेल्या सुनावणीला आव्हान कसे द्यायचे?

या तंत्राची ओळख अमेरिकी न्यायव्यवस्थेला फार पूर्वीच पटली होती. १८८० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने आगीच्या भीतीचे कारण देऊन लाकडी इमारतींतील धोबीखान्यांना परवाना सक्तीचा केला. नियमात चिनी हा शब्द नव्हता. परंतु अर्ज केलेल्या सुमारे दोनशे चिनी मालकांपैकी एकालाही परवाना मिळाला नाही. चिनी नसलेल्या ऐंशी-एक अर्जदारांपैकी मात्र एक वगळता सर्वांना मिळाला. १८८६ मध्ये यिक वो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्वाळा दिला की, नियम दिसायला कितीही समन्यायी असला तरी त्याची अंमलबजावणी पक्षपाती असेल, तर तो समान संरक्षणाच्या तत्त्वाचा भंग ठरतो.

तेथे आकडेच इतके बोलके होते की वेगळ्या पुराव्याची गरज पडली नाही. पुढे पुराव्याची पायरी उंचावत गेली. शिकागोच्या उपनगरातील आर्लिंग्टन हाइट्स खटल्यात १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, निर्णयाचा परिणाम एका वंशावर अधिक झाला एवढे पुरेसे नाही. भेदभावाचा हेतू सिद्ध झाला पाहिजे. २०२० मध्ये कॉमकास्ट प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले. करारातील वांशिक भेदभावाची तक्रार करणाऱ्याने, वंश आड आला नसता तर करार झाला असता, हे दाखवले पाहिजे.

येथे व्यावसायिकांची एक विशेष अडचण आहे. १९६८ चा फेअर हाउसिंग कायदा निवासी घरांना लागू होतो. त्याखाली विषम परिणामाच्या आधारेही दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये मान्य केले. दुकान, गोदाम किंवा दवाखान्याची जागा या कायद्याच्या कक्षेत येत नाही. तेथे आधार उरतो तो मुख्यतः राज्यघटनेचा आणि यादवी युद्धानंतरच्या १८६६ च्या नागरी हक्क कायद्याचा, आणि दोहोंखाली हेतूच सिद्ध करावा लागतो. घर भाड्याने घेणाऱ्याला जे संरक्षण आहे, ते दुकान भाड्याने घेणाऱ्याला नाही.

अलीकडच्या घडामोडींनी ही वाट आणखी अरुंद केली आहे. अल्पसंख्याक व्यवसायांच्या मदतीसाठी १९६९ मध्ये निक्सन यांच्या काळात सुरू झालेल्या संघीय संस्थेला मार्च २०२४ मध्ये टेक्सासच्या न्यायालयाने वंशाच्या आधारे मदत देण्यास मनाई केली. एप्रिल २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी विषम परिणामाच्या तत्त्वावरील कारवाईला प्राधान्य न देण्याचा आदेश संघीय खात्यांना दिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये परिवहन खात्याने, कंत्राटांसाठी विशिष्ट वंशांतील व्यावसायिकांना आपोआप ‘वंचित’ मानण्याची तरतूद काढून टाकली.

या बदलांमागील युक्तिवाद सरसकट धुडकावण्याजोगा नाही. सिलिकॉन व्हॅलीत सुस्थितीत असलेला भारतीय अभियंता केवळ वंशामुळे वंचित गणला जावा का, हा प्रश्न आपल्यातील अनेकांनी खासगीत विचारलेला आहे. प्रत्येक नाकारलेल्या परवान्यामागे वर्णद्वेष असतो, असेही नाही. काही आराखडे खरोखरच सदोष असतात. पण कंत्राटातील प्राधान्य ही एक गोष्ट आणि परवान्याच्या खिडकीपाशी समान वागणूक ही दुसरी. पहिलीवरचा वाद लढवताना दुसरीवरचा पहारा उठतो आहे, ही खरी चिंता आहे.

आपल्याला याचे काय, असे वाटणाऱ्यांसाठी आपलाच इतिहास पुरेसा आहे. सॅन फ्रान्सिस्कोत दुकान चालवणारे वैष्णो दास बगई १९२१ मध्ये अमेरिकी नागरिक झाले. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद खटल्यात भारतीय ‘गोरे’ ठरत नाहीत असा निकाल लागला आणि बगई यांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. कॅलिफोर्नियाच्या परकीय भूमी कायद्यांमुळे त्यांना दुकानासह मालमत्ता विकावी लागली. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. बर्कलीत घर घेतल्यावर शेजाऱ्यांनी या कुटुंबाला राहायला येऊ दिले नव्हते. त्याच बर्कलीतील एका रस्त्याला आज त्यांच्या पत्नी कला बगई यांचे नाव आहे. पुढे मोटेल व्यवसायात उतरलेल्या आपल्या गुजराती बांधवांना विमा कंपन्या नकार देऊ लागल्या, शेजारचे मोटेलवाले ‘अमेरिकी मालकीचे’ अशा पाट्या लावू लागले. त्या अनुभवातून १९८९ मध्ये अटलांटात आशियाई-अमेरिकी हॉटेलमालकांची संघटना उभी राहिली. आज ती देशातील सर्वांत प्रभावी व्यवसाय संघटनांपैकी एक आहे.

आणि एक आरसा आपल्यासमोरही धरायला हवा. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडमध्ये एका मराठी महिलेला, ती महाराष्ट्रीय असल्याचे कारण देऊन कार्यालयासाठी जागा नाकारल्याची तक्रार गाजली, तेव्हा येथील आपल्या गटांतही संताप उसळला होता. तो योग्यच होता. परंतु मुंबई-पुण्यातील आपल्याच सोसायट्यांत धर्म आणि आडनाव पाहून जागा नाकारल्या जातात, तेव्हा तो संताप कोठे असतो? येथे गुंतवणुकीसाठी घेतलेल्या गाळ्याचा भाडेकरू निवडताना आपण कोणते निकष लावतो? समान वागणुकीची मागणी करणाऱ्याने ती देण्याचीही तयारी ठेवावी लागते.

मग करायचे काय? आर्लिंग्टन हाइट्सच्या निकालाकडे परत गेले पाहिजे. हेतू सिद्ध करा म्हणताना न्यायालयाने तो कशावरून ओळखावा, हेही सांगून ठेवले आहे: निर्णयाची पार्श्वभूमी, घटनांचा क्रम, नेहमीच्या पद्धतीपासून घेतलेली फारकत आणि सभेतील सदस्यांची विधाने. या चारही गोष्टी कागदपत्रांत सापडतात. म्हणून प्रत्येक सुनावणीचे इतिवृत्त मागवावे, अधिकाऱ्याने तोंडी सांगितलेली अट त्याच दिवशी ईमेलने लेखी करून घ्यावी, आणि आपल्यासारख्याच इतर प्रकल्पांना कोणत्या अटी लावल्या गेल्या, याची नोंद सार्वजनिक माहितीच्या कायद्याखाली मिळवावी. भेदभाव झालाच नसेल, तर तेही या नोंदींवरून कळेल.

आपला समाज शाळेच्या निकालांवर बारीक लक्ष ठेवतो, व्हिसाच्या प्रत्येक बातमीवर रात्र जागवतो. पण आपल्या गावच्या नियोजन मंडळावर कोण आहे, हे आपल्यातील फार थोड्यांना सांगता येईल. त्या मंडळांवर बहुधा नागरिकांच्याच नेमणुका होतात आणि कित्येकदा जागा रिकाम्या असतात. मॅनहॅटन बीचच्या वारसांना जमीन परत मिळण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली. मंगळवारच्या सभेला दोन तास लागतात.