भिंतीची ओल, कापसाचा कडता



शेतीमालाच्या भावाची लढाई चालू असताना घराचा विषय कशाला, असे काही कार्यकर्त्यांना वाटेल. घर ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे, संघटनेने कापूस-ज्वारीवर बोलावे, असे म्हणणारेही आहेत. आमचे म्हणणे नेमके उलटे आहे. कोरडवाहू शेतकऱ्याचे घर हेच त्याचे गोदाम असते. गोदाम ओले असेल तर जाहीर झालेला भाव हातात पडत नाही. थंड, ओलसर घर शेतकऱ्याला दोनदा लुटते. एकदा दवाखान्यात आणि एकदा खरेदी केंद्रावर.

हिशेब मांडून पाहू. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये ठरला. सीसीआयचा नियम असा की ओल ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव. त्यापुढे दर टक्क्याला एक टक्का कपात, आणि १२ टक्क्यांच्या वर गेला की माल परत. म्हणजे १२ टक्के ओलीच्या कापसाला ७७८५ रुपये ६० पैसे. क्विंटलमागे सव्वातीनशे रुपये गेले. पंधरा क्विंटलवाल्याचे ४८६६ रुपये गेले. माल परत आला तर व्यापाऱ्याचे दार. तिथे बहुधा यंत्रही लागत नाही. मुठीत कापूस दाबायचा आणि मनाला येईल तो आकडा सांगायचा.

आता हा कापूस ओला झाला कोठे? वजन वाढावे म्हणून शेतकरी पाणी मारतो, असे साहेबलोक सांगतात. दवात वेचलेला कापूस ओला असतो हे खरे, तो उन्हात वाळवलाच पाहिजे. पण वाळवून घरात रचलेला कापूसही दीड-दोन महिन्यांनी काढला तर जमिनीला आणि भिंतीला टेकलेला थर दमट आणि पिवळट निघतो. त्या थराला पाणी मारायला कोणी गेले नव्हते. ते पाणी घराने दिले.

आणि कापूस घरात का राहतो? हंगामात भाव पाडला जातो म्हणून. १९ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले आणि ती सूट पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. नेमके आपल्या वेचणीचे महिने. अशा वेळी थांबण्याची ताकद ज्याच्याकडे आहे तोच तरतो, आणि थांबायला कोरडी खोली लागते.

थंडी आहे कुठे?

विदर्भ-मराठवाड्यात माणसे उन्हाने मरतात, इथे थंडीचे काय, असा प्रश्न शहरात विचारला जातो. २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. मे महिन्यात ४५ अंशांच्या वर तापणारा टिनपत्राच जानेवारीत अंगावर गारठा ओततो. हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, एकाच पत्र्याच्या दोन बाजू आहेत. म्हणून उपायही एकच आहे.

जुन्या घराची पांढऱ्या मातीची भिंत दीड-दोन फूट जाड असे. दिवसभराचे ऊन ती हळूहळू पिऊन घेई आणि रात्री आत सोडी. चार इंची विटेची भिंत आणि वर टिन, यात उष्णता धरून ठेवणारे काही नाही. निरभ्र रात्री टिन आपली उष्णता सरळ आकाशाकडे फेकते आणि पहाटे बाहेरच्या हवेपेक्षाही गार होते. घरात पाच माणसे झोपली तर त्यांच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात लिटरभर पाणी हवेत जाते. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते. ही सगळी वाफ गार टिनाला लागून थेंब धरते आणि पहाटे अंथरुणावर, कापसाच्या ढिगावर टपकते. टिन गळते म्हणून लोक पुन्हा पुन्हा डांबर लावतात. पण ते पाणी पावसाचे नसतेच.

२०१६ नंतर उज्ज्वलाचा गॅस आला. मायबहिणींच्या डोळ्यांतला आणि छातीतला धूर कमी झाला, ते चांगलेच झाले. धुराचे गोडवे आम्ही गाणार नाही. पण चुलीबरोबर घर वाळवणारी धगही गेली आणि तिच्या जागी काय करायचे हे कोणी सांगितले नाही.

पाणी चार वाटांनी येते

ओल हटवायची तर आधी वाट ओळखावी लागते.

पहिली वाट खालची. काळी जमीन पाणी धरून ठेवते आणि भिंत ते दिव्याच्या वातीसारखे वर ओढते. गुडघ्या-कमरेपर्यंत पोपडे सुटले, पांढरा लोणा आला, तर पाणी खालून आहे. नवे घर बांधताना पाया मुरमापर्यंत न्यावा, जोते दीड-दोन फूट उंच घ्यावे आणि जोत्यावर ओल अडवणारा डांबराचा किंवा वॉटरप्रूफ पावडर घातलेल्या सिमेंटचा थर द्यावा. जुन्या घराला भोवताली दोन-तीन फूट रुंद मुरूम आणि फरशीदगड ठोकून बाहेरच्या बाजूला उतार द्यावा. न्हाणीचे पाणी आणि गुरांचा गोठा भिंतीपासून दूर न्यावा; गोमूत्रातले क्षार लोणा वाढवतात.

दुसरी वाट बाजूची. पागोळ्यांचे पाणी जमिनीवर आपटून भिंतीवर उडते. टिन भिंतीबाहेर दीड-दोन फूट काढावे. काळी माती फुगते आणि आकसते, त्याने भिंतीला भेगा जातात. त्या दर उन्हाळ्यात बुजवाव्यात. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मात्र करू नये. बाहेरून घर पक्के दिसते, पण आतले पाणी कोंडते आणि भिंत आतून कुजते. चुन्याचा किंवा माती-शेणाचा गिलावा पाणी बाहेर जाऊ देतो.

तिसरी वाट वरची, म्हणजे खरी गळती. ती सगळ्यांना दिसते, तिच्यावर शब्द खर्चत नाही.

चौथी वाट आतली, श्वासाची आणि स्वयंपाकाची. इथे आपले लोक उलटे करतात. गारठा लागतो म्हणून झरोके चिंध्यांनी बुजवतात. त्याने घर गरम होत नाही, ओले होते. हिवाळ्यात आपल्याकडची दुपारची हवा कोरडी असते. दहा ते चार दारे-खिडक्या सताड उघड्या ठेवाव्यात, अंथरुणे उन्हात टाकावीत आणि दिवस मावळायच्या आत सगळे बंद करावे. वरचा एक झरोका मात्र रात्रभर उघडा राहिला पाहिजे. पावसाळ्यात झड लागलेली असताना दारे उघडून काही वाळत नाही. उघडीप मिळेल तेव्हा उघडावीत.

आता ऊब. सगळ्यात जास्त ऊब वरून जाते, म्हणून पहिला पैसा छताखाली घालावा. टिनाच्या चार-सहा इंच खाली तुराट्यांचे तट्टे बांधावेत आणि खालून माती-शेणाने लिंपून चुना द्यावा. मधल्या पोकळीतली हवा हेच आपले पांघरूण. हेच छत मे महिन्यात टिनाची आग अडवते. विजेच्या तारा नळीतूनच न्याव्यात. पऱ्हाट्या या कामाला वापरू नयेत. त्यांच्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात आपल्याच शेतावर उतरते. त्यानंतर उत्तरेची भिंत. तिला आतून कुटार मिसळलेल्या मातीचा दोन-तीन इंचांचा लेप द्यावा. पण ओली भिंत आधी वाळवावी, मगच झाकावी.

कापूस जमिनीवर टाकू नये. बल्ल्या, तुराट्या आणि वर प्लास्टिक असा ओटा करून भिंतीपासून फूटभर सोडून रचावा. ज्वारीची पोतीही तशीच, फळ्यांवर. दाताखाली दाणा कट्‌ असा फुटल्याशिवाय ज्वारी भरू नये. आणि एक गोष्ट कोणी विसरू नये. दारे लावून घमेल्यात निखारे ठेवून झोपू नये. निखाऱ्यातून निघणाऱ्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही, झोपलेला माणूस उठत नाही. शिवाय घरात कापूस आहे.

सरकारी घरकुल कोणासाठी?

हे सगळे शेतकरी करील. पण ओल्या घराचा दोष त्याच्या अज्ञानावर ढकलू देणार नाही. २०१६ साली केंद्राने घरकुलाला मैदानी भागात १ लाख २० हजार रुपये ठरवले. २०२४ मध्ये योजना पुढे पाच वर्षे वाढवली, आकडा तोच ठेवला. २०२५ साली राज्याने आपल्याकडून काही भर घालायचे ठरवले, एवढेच. आणि २०१७ पासून सप्टेंबर २०२५ पर्यंत त्याच घराच्या सिमेंटवर २८ टक्के जीएसटी वसूल केला. एवढ्या पैशात चार इंची भिंत आणि टिन यापलीकडे काय होणार? योजनेतले घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट, स्वयंपाकाच्या जागेसकट. पंधरा क्विंटल कापूस मोकळा रचला की एक खोली छातीपर्यंत भरते. पोरांनी झोपायचे कोठे? आराखडा करणाऱ्याने घरात राहणारा नोकरदार धरला. पीक घरात आणणारा माणूस त्याच्या हिशेबात नव्हता.

म्हणजे पुन्हा मातीच्या घराकडे जायचे काय, असे विचारले जाईल. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट मराठवाडा विसरलेला नाही. मातीत रचलेले गोलट दगड आणि वर फूट-दोन फूट मातीचे माळवद, त्याखाली हजारो माणसे गेली. ते जड छत आम्हाला नको. पण त्या भीतीचा फायदा घेऊन माती म्हणजे मागासलेपण आणि टिन म्हणजे प्रगती असे जे शिकवले गेले, तेही आम्हाला मान्य नाही. १९३६ साली गांधीजी सेवाग्रामला राहायला आले. तिथली माती-बांबूची बापूकुटी आजही उभी आहे. पुढारी तिथे जाऊन हात जोडतात आणि परत येऊन आपल्याला टिन मंजूर करतात. हलके छत, बांधीव भिंत आणि मधे हवेची पोकळी यांची सांगड आज घालता येते. विटा उभ्या लावून मधे पोकळी ठेवणारी बांधणी लॉरी बेकर यांनी केरळात रुजवली. नऊ इंची भिंतीपेक्षा तिला सुमारे चौथाई विटा कमी लागतात आणि घर उन्हाळा-हिवाळा दोन्ही सोसते. ती आपल्या घरकुलाच्या आराखड्यात का नाही?

जिल्हा बैठकीपुढे ठराव

एक. शेतकरी कुटुंबाच्या घरकुलात पीक साठवण्याची कोरडी खोली वेगळी धरावी आणि तिचा खर्च अनुदानात घ्यावा.

दोन. ओल अडवणारे जोते आणि टिनाखालचे छत हे अंदाजपत्रकात असावे. त्याशिवाय घर पूर्ण झाले असे धरू नये.

तीन. कापसाची ओल शेतकऱ्यासमोर, तपासलेल्या यंत्रावर मोजावी आणि आकडा लिहून द्यावा. १२ टक्क्यांच्या वर गेलेला माल परत न पाठवता केंद्रावरच वाळवायला जागा द्यावी.

आणि आपले काम. प्रत्येक गावशाखेने येत्या उन्हाळ्यात एका घराला तुराट्यांचे छत घालावे आणि घराभोवती मुरूम ठोकावा. झालेला खर्च लिहून पुढच्या बैठकीला आणावा. सरकारपुढे जाताना आपल्या हातात आपला हिशेब असला पाहिजे. दान मागायला आपण जात नाही. पिकवलेल्या मालाचा पूर्ण भाव हातात पडेल असे घर, एवढेच मागतो आहोत.