सगळ्यांना एकच मोजा नको



‘हातमोजे न घालणारा कामगारच दोषी’ हे गेल्या अंकातले पत्र वाचले. कळकळ खरी आहे. पण ‘प्रत्येक यंत्रावर जाड हातमोजे सक्तीचे करा’ ही सूचना कुणाची तरी बोटे घेऊन जाईल. फिरत्या ड्रिलजवळ किंवा लेथच्या चकजवळ मोजा घातलेला हात न्यायचा नाही, हे शिकाऊ पोरालाही पहिल्याच दिवशी सांगतात. मोज्याचा धागा अडकला की अख्खा हात आत ओढला जातो, स्विचपर्यंत पोचायलाही सवड मिळत नाही. तिथला कीस काढायचा तो यंत्र थांबवून, ब्रशने.

मोजे हवेत ते पत्रा उचलताना. तिथेही नुसती जाडी चाचपून काय कळणार? ईएन ३८८ या युरोपीय मानकाची खूण, म्हणजे ढालीतला हातोडा, मोज्यावर शोधावी. तिच्याखालचे चार अंक अनुक्रमे घासणे, कापणे, फाटणे आणि टोचणे यांचे. पुढे ए ते एफपैकी अक्षर असेल तर तेही कापण्याचेच; एफ सर्वांत चिवट. तेलकट कामाला नायट्राइल घ्यावे, साधे रबर तेलात फुगते. वेल्डिंगला मात्र चामडेच.

राहिले माप. आमच्या कारखान्यात एकदा एकाच मापाचे गठ्ठे आले. असेंब्लीवरच्या मुलींच्या बोटांपुढे मोज्यांची टोके लोंबत होती, स्क्रू चिमटीत येईना. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळे मोजे खिशात गेले होते. दोष कुणाचा, ते पत्रलेखकांनीच सांगावे.

– एक निवृत्त फोरमन, भोसरी