पंचनाम्यातला एक शब्द

‘पोटदुखीला कंटाळून.’ ‘घरगुती कारणावरून.’ पंचनाम्यातली ही वाक्ये आपल्याला पाठ आहेत. अकस्मात मृत्यूचा अहवाल महाराष्ट्रातला ‘एडी’ असो की बंगळुरूचा ‘यूडीआर’, भाषा बदलते, मजकूर तोच राहतो. शवविच्छेदन आपण काटेकोरपणे करतो, व्हिसेरा राखून ठेवतो. पण टेबलावरचे माणूस कोणत्या आयुष्यातून आले, हे त्या एका शब्दावर सोडून देतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२१ मध्ये बंगळुरूत २,२९२ आत्महत्या नोंदल्या, मुंबईत १,४३६. मुंबई तर बंगळुरूहून मोठी. हा फरक कशामुळे, याचे उत्तर कारणाच्या रकान्यात सापडत नाही. देशातल्या १,६४,०३३ पैकी एक तृतीयांश मृत्यूंपुढे ‘कौटुंबिक समस्या’ एवढेच लिहिले आहे. त्याच वर्षी रोजंदारीवरचे ४२,००४ जण गेले. स्त्रिया ४५,०२६ गेल्या, आणि त्यांतल्या २३,१७८ गृहिणी होत्या.

या गृहिणींपाशी थांबायला हवे. लग्नाला सात वर्षे झाली नसतील तर कायदा जागा असतो. तहसीलदार येतात, माहेरच्यांचे जबाब होतात. आठवे वर्ष लागले की तेवढी विचारपूस होत नाही. अशा वेळी तिच्या दंडावर बोटांच्या ठशांसारखे, पिवळे पडत चाललेले वळ दिसले, तर ते शेवटच्या दिवसाचे नाहीत हे सांगू शकणारे त्या खोलीत आपणच असतो. वळ जुने आणि कारण पोटदुखी, असा कागद मुकाट्याने पुढे पाठवणे मला आपल्या पेशाला शोभणारे वाटत नाही.

त्या एका शब्दापलीकडचे कारण शोधण्याची वाट बंगळुरूनेच दाखवली आहे. निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेचे डॉ. जी. गुरुराज आणि सहकाऱ्यांनी तिथल्या २६९ आत्महत्यांची तेवढ्याच जिवंत व्यक्तींशी तुलना केली. २००४ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. खोलात जाऊन विचारले, तेव्हा आधीचा प्रयत्न, स्वतःचे किंवा जोडीदाराचे दारूचे व्यसन, घरातली मारहाण, बेकारी, अचानक आलेली आर्थिक ओढाताण, मानसिक आजार असे कितीतरी धागे एकमेकांत गुंतलेले दिसले. पंचनाम्याच्या एका शब्दात ते मावणार कसे?

शवागाराबाहेर बसलेल्या नातेवाइकांना चार प्रश्न विचारायला दहा मिनिटे लागतात. काम काय करत होते? गाव सोडून किती वर्षे झाली? आधी असा प्रयत्न झाला होता का? उपचार चालू होते का? उत्तरे अहवालासोबत वेगळ्या कागदावर, नाव न घालता, जपून ठेवा. वर्षअखेरीस जिल्ह्याचे चित्र तयार होईल.

आणखी एक विनंती. ज्यांच्या घरात असा मृत्यू झाला, त्यांनाही पुढे धोका असतो. मृतदेह ताब्यात देताना टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक त्यांच्या हातात द्या. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.