मालिशीचा हात आणि शास्त्राचा डोळा

पाय मुरगळला की तेल गरम करावे आणि चोळावे, ही आपल्या घरोघरची रीत. आयुर्वेदाने अभ्यंगाला दिनचर्येत स्थान दिले, तालमींनी अंगमर्दनाची विद्या जतन केली. या परंपरेला अडाणी ठरविण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ साली जुनाट कंबरदुखीवरील उपायांत व्यायामाच्या जोडीला मालिशीचा समावेश केला आहे. चोळण्याने वेदना काही काळ हलकी होते, आखडलेले अंग सैलावते आणि व्यायामाला बळ येते.

परंतु मालिश हाड सांधत नाही. मुरगळ समजून चोळलेला घोटा प्रत्यक्षात मोडलेला असू शकतो. पोटरीच्या सुजेमागे रक्ताची गुठळी असेल, तर ती सुटून फुप्फुसात अडकण्याचा व प्राणांवर बेतण्याचा धोका असतो. म्हणून आधी निदान, मग मर्दन, हा क्रम सोडता कामा नये.

इंग्लंडमध्ये १८९४ साली चार परिचारिकांनी मालिशीच्या व्यवसायाला शिस्त लावण्यासाठी संस्था काढली. तिच्यातूनच तेथील फिजिओथेरपीची मान्यवर संघटना उभी राहिली. आपल्याकडे २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या विद्येच्या शिक्षणाला व नोंदणीला राष्ट्रीय चौकट दिली. पण नुसत्या चौकटीने दुखणे थांबत नाही. जखमी शेतमजुराला तालुक्याच्या रुग्णालयातच शिकलेला हात मिळाला पाहिजे. जेथे तो मिळत नाही, तेथे त्याने मालिशवाल्याकडे धाव घेतली, तर दोष त्याला कोणत्या तोंडाने द्यावयाचा?